साडेनऊ गुंठ्यांची सही

चौदा मार्च, गुरुवार, दुपारी सव्वाबारा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात हजर: आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, वकील, आणि सेक्रेटरी म्हणून मी. तोपर्यंतचा एकूण खर्च दोन लाख सोळा हजार चारशे रुपये. सोळा फ्लॅटांत वाटला तर प्रत्येकी तेरा हजार पाचशे पंचवीस. एवढ्या पैशांत आमच्या इमारतीखालची साडेनऊ गुंठे जमीन सोसायटीच्या नावावर झाली.

ज्यांच्या नावावरून ती निघाली ते हजर नव्हते. त्या वेळी ते उमेळ्यात, आमच्या इमारतीसमोरच्या गल्लीत, स्वतःच्या उरलेल्या वाडीत केळींना पाणी लावत असणार. त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळू नये अशी तजवीज केली होती आणि त्या तजविजीचे सगळे कागद माझ्या हातचे होते.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. सोसायटीतही त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. “सातबारा आले,” असं वॉचमन सांगायचा, की आम्ही समजायचो. उंच, पाठीत वाकलेला माणूस, खाकी अर्धी चड्डी, वर बंडी, खांद्यावर पंचा. सायकलच्या कॅरियरला सुकेळीचा पत्र्याचा डबा बांधलेला. पूर्वी त्यांच्या घरी राजेळी केळी सुकवून विकायचे, त्यातला तो शेवटचा डबा. आता त्यात कागद असत. दर पाडव्याला लोक श्रीखंड आणतात, हे आमच्या जमिनीचा ताजा सातबारा काढून आणायचे, फाटकाशी उभे राहून मालकाच्या रकान्यातलं स्वतःचं नाव वाचायचे आणि डब्यात ठेवून द्यायचे.

फ्लॅट घेणाऱ्या माणसाला वाटतं की त्याने घर घेतलं. मलाही वाटलं होतं. करारनामा नोंदवला, मुद्रांक भरला, बँकेचे हप्ते सतरा वर्षं फेडले. पण इमारत बांधून झाल्यावर बिल्डरने मूळ मालकाकडून जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते, ती आमच्या बिल्डरने दिलीच नाही. त्याची भागीदारी मोडली, एक भागीदार वारला, दुसरा कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे घरं आमची आणि जमीन यांची, अशी स्थिती पंचवीस वर्षं राहिली. जिल्हा उपनिबंधकांकडे जायची वाट होती. पण मूळ मालकाची सही मिळाली तर खर्च अर्धा, भांडण नाही, म्हणून आम्ही सहीच्या मागे लागलो होतो.

आम्हाला ते आमच्या नावांनी हाक मारत नसत. जिथे आमची घरं उभी राहिली तिथे पूर्वी काय होतं ते त्यांच्या डोक्यात होतं. तळमजल्याचे गृहस्थ त्या जातीच्या केळींवरून ‘बसराई’, दुसऱ्या मजल्यावरच्या बाई ‘मोगरा’, अध्यक्ष ‘शेणकई’, कारण त्यांच्या बाजूला गोठा होता. मी ‘राजेळी’.

“काय राजेळी, काल मिटिंगला माझा खुर्चीवरचा फोटो नाही काढलात?” असं मला विचारायचे. कारण सोसायटीच्या प्रत्येक सभेला ते यायचे. सभासद नसल्यामुळे दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि सभा संपली की मला सांगायचे, “लिहा. मालक हजर होते.” मालक असं मी कसं लिहिणार? शेवटी ‘विशेष निमंत्रित’ असा तोडगा काढला. अकरा वर्षं प्रत्येक इतिवृत्तात माझ्या अक्षरात त्यांचं नाव आणि पुढे ‘राहणार समोरची गल्ली’ असं लिहिलेलं आहे. ही वही माझ्या कपाटात आहे.

कायदा त्यांना येत होता. शाळा सातवी, पण तलाठ्याच्या कट्ट्यावर चाळीस वर्षं बसून शिकलेले. मोगरा बाईंचे यजमान अचानक गेले तेव्हा फ्लॅटला नॉमिनी म्हणून धाकटा दीर लावलेला निघाला. लग्नाआधी कधीतरी भरलेला फॉर्म. दीर फॉर्म घेऊन आला आणि शेअर सर्टिफिकेट माझ्या नावावर करा म्हणाला. अध्यक्ष करायला निघालेही होते. बाहेरच्या खुर्चीवरून आवाज आला.

“शेणकई, थांबा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे.”

“काका, बायलॉजमध्ये लिहिलंय, नॉमिनीच्या नावे ट्रान्सफर करायचं.”

“करा की. पण नॉमिनी म्हणजे चावी सांभाळणारा. घर कोणाचं ते वारस ठरवतात. उद्या बाई कोर्टात गेल्या तर तुम्ही सगळे साक्षीला जाल, मी मजा बघायला येईन.”

वकिलाला विचारलं. तोही तेच म्हणाला. बाईंचं घर राहिलं.

आणि तीन वर्षांनी त्याच बाईंचा सौदा त्यांनी मोडला. बाईंना घर विकून मुलीजवळ ठाण्याला जायचं होतं. बोरीवलीचं एक जोडपं बघायला आलं, पसंत पडलं, बयाणाही दिला. दुसऱ्यांदा आले तेव्हा हे फाटकाशी सायकल लावून उभे.

“फ्लॅट घेताय?”

“हो काका. दुसऱ्या मजल्यावरचा.”

“छान आहे. हवा येते. खालचं कोणाचं ते विचारलंत?”

“खाली पार्किंग आहे ना?”

“पार्किंगच्या खाली.” असं म्हणून डबा उघडला.

जोडपं चहा पिऊन येतो म्हणून गेलं, ते परत आलं नाही. बाईंना साठ हजार परत द्यावे लागले. त्या खाली येऊन भांडल्या.

“काका, माझ्या मुलीच्या जवळ जायचं होतं मला. तुम्हाला काय मिळालं?”

“काही नाही. मी खोटं बोललो का, मोगरा?”

खोटं बोलले नव्हते. बाई अजून दुसऱ्या मजल्यावर आहेत.

एक सांगितलं पाहिजे. टँकर न आलेल्या दिवसांत आमच्या सोळाही घरांनी त्यांच्याच विहिरीचं पाणी भरलं. ही विहीर आमच्या कंपाउंडच्या आत, मागच्या कोपऱ्यात. तिच्या भोवती त्यांनी राजेळीचे दहा-बारा खुंट राखले होते आणि रोज येऊन त्यांना शेणखत घालायचे. आमच्या जागेत त्यांची केळी कशी, असं कोणी विचारलं की ते कमरेची सुतळी सोडायचे. तेहतीस फुटांची, दोन्ही टोकांना गाठ. विहिरीच्या भोवती चारी बाजूंनी लावून दाखवायचे. तेहतीस बाय तेहतीस, एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट.

“साडेआठ गुंठ्यांना सही देतो. आज देतो. हा एक वगळा,” असं म्हणायचे.

एवढंच मागणं, पण ते देता येत नव्हतं. इमारतीच्या खांबांना तडे गेले होते. माझ्या घरात, मुलीच्या खोलीत, छताचा टोपलीभर तुकडा पडला; ती क्लासला गेली होती म्हणून वाचली. पुनर्विकासाशिवाय मार्ग नव्हता. दोन बिल्डर आले, दोघांनीही हिशोब साडेनऊ गुंठ्यांवर मांडला. एक गुंठा कमी झाला की सोळा घरांना मिळणारी वाढीव जागा जवळजवळ संपत होती. मी चार वेळा आकडे फिरवून बघितले.

तो गुंठा का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. मी छताच्या तुकड्याचा फोटो दाखवायला घेऊन गेलो होतो. त्यांनी फोटो बघितला, परत दिला.

“राजेळी, ही जमीन माझी एकट्याची नव्हती. वडील गेले तेव्हा सातबाऱ्यावर दोन नावं चढली, माझं आणि बहिणीचं. निर्मळ गावात दिली आहे ती. मग बिल्डर आला. म्हणाला, एक नाव पाहिजे. भाऊबीजेला ती माहेरी आली. ओवाळून झालं, मी साडी दिली, आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून रजिस्ट्रारकडे नेली.”

“हक्कसोडपत्र?”

“हो. सगळे भाऊ असंच करतात. दिवाळीत बहीण घरी असते, खूश असते. रिक्षात तिने विचारलं, दादा, मला काय? मी म्हटलं, विहिरीचा गुंठा तुझा. ती म्हणाली, लिही. मी म्हटलं, भावाकडून लिहून घेतेस?”

“मग लिहून दिलं का?”

“नाही.”

“आणि बिल्डरला किती गुंठ्यांचा करार केला?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही हिशोबाची माणसं. बरोबर तिथेच बोट ठेवता. साडेनऊचा.”

म्हणजे बहिणीला तोंडी दिलेला गुंठा त्यांनी बिल्डरला लेखी विकला होता. त्याचे पैसे घेतले होते. आता चोवीस-पंचवीस वर्षांनी त्यांना तो परत पाहिजे होता, बहिणीला द्यायला, आणि तो आम्ही द्यायचा होता. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं. “म्हणजे चूक तुमची आणि भरपाई आमच्या सोळा घरांची?”

“विहिरीचं पाणी कडू लागलं का कधी?” एवढंच म्हणाले, आणि सायकलवर बसून गेले.

माझ्या मनातून ते त्या दिवशी उतरले. आजवर विक्षिप्त वाटणारा माणूस त्यानंतर मला आडमुठा आणि ढोंगी वाटू लागला. पुढे मी जे केलं ते याच रागात केलं, असं म्हणायची सोय आहे. पण राग महिन्याभरात गेला होता आणि कागद मी नंतर केले.

सहीचा नाद सोडला. कायदा असा आहे की मालक जमीन करून देत नसेल तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते, मालकाला नोटीस जाते, त्याचं म्हणणं ऐकलं जातं आणि हुकूम झाला तर त्याच्या सहीवाचून जमीन सोसायटीची होते. याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. आमचे अध्यक्ष ‘डीम्ड’ म्हणतात. हा मार्ग सरळ आहे आणि आमच्या बाजूचा होता. हे सुनावणीला आले असते तरी बहुधा आम्हीच जिंकलो असतो. हे मी नंतर वकिलाला विचारलं. तो म्हणाला, “शंभर टक्के. सहा-आठ महिने जास्त लागले असते, एवढंच.”

सहा-आठ महिने वाचवायचे म्हणून अध्यक्षांनी डोकं चालवलं. अर्जात मालकाचा पत्ता द्यायचा असतो. बिल्डरशी झालेल्या करारात त्यांचा पत्ता होता तो त्यांच्या जुन्या घराचा. ते घर पाडूनच आमची इमारत झाली.

“तोच पत्ता टाका,” अध्यक्ष म्हणाले. “डॉक्युमेंटमध्ये आहे ना? मग लीगली आपण क्लिअर.”

“ते समोर राहतात. इथून खिडकी दिसते.”

“सेक्रेटरी, तुम्हाला माणूस दिसतो, मला डॉक्युमेंट दिसतं. तुमच्या मुलीच्या डोक्यावर पडलं असतं म्हणजे?”

मी प्रतिज्ञापत्र तयार केलं. ‘माझ्या माहितीप्रमाणे मालकाचा शेवटचा ज्ञात पत्ता खालीलप्रमाणे’, आणि खाली नसलेल्या घराचा क्रमांक. सही माझी. सभांच्या इतिवृत्ताची वही अर्जाला जोडली नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. ती मी ज्या पेपरात दिली तो उमेळ्यात कोणी घेत नाही. स्वस्त पडतो, असं सभेत सांगितलं. पडतोही.

नोटीस रजिस्टर पोस्टाने आली तेव्हा मी आणि अध्यक्ष खाली मीटरबॉक्सपाशी होतो. पोस्टमन नवा होता.

“हे घर कुठे आलं?”

“ते घर आता नाही,” अध्यक्ष म्हणाले. “पाडलं. खूप वर्षं झाली.”

“आणि हे गृहस्थ?”

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी मीटरचं रीडिंग घेत होतो, ते घेत राहिलो. पोस्टमनने पाकिटावर ‘पत्त्यावर घर नाही’ असं लिहिलं आणि गेला. त्याने लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. सुनावणीला मालक गैरहजर, हुकूम एकतर्फी, चौदा मार्चला नोंदणी.

पण सातबाऱ्यावर नाव बदलताना तलाठी नोटीस काढतो, आणि तलाठ्याच्या माणसाला हे कुठे राहतात ते माहीत होतं. त्याने ती घरी नेऊन हातात दिली. त्याच संध्याकाळी ते सोसायटीच्या ऑफिसात आले. दाराबाहेर बसले नाहीत, आत आले. अध्यक्ष होते, मी होतो.

“वाचा,” मला म्हणाले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच होता.

मी वाचली.

“मला बोलावलं होतं म्हणतात. कुठल्या पत्त्यावर?”

“करारातल्या.”

“ते घर कुठे आहे?”

अध्यक्ष म्हणाले, “काका, प्रोसिजर असते...”

“शेणकई, तुम्ही गप्प बसा. हा सांगेल.”

“मीटरबॉक्स आहे तिथे तुमचं देवघर होतं,” मी म्हटलं. हे त्यांनीच मला कधीतरी दाखवलं होतं.

त्यांनी मान हलवली. शिव्या देतील अशी माझी तयारी होती. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“पंधरा दिवसांत हरकत घेता येते,” मी सांगितलं. अध्यक्षांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. “तुम्ही लिहून दिलं तर सुनावणी होईल.”

“काय लिहू? हरकत घ्यायची तर जमिनीवर अजून कोणाचा हक्क आहे ते लिहावं लागेल. म्हणजे बहिणीची सही मी कशी घेतली तेही लिहावं लागेल.”

त्यांनी लिहिलं. दोन पानं, स्वतःच्या हाताने. मंडळ अधिकाऱ्यांपुढे त्यांनी उभं राहून ते वाचलं. सोसायटीतर्फे मी हजर होतो. साडी, रिक्षा, तोंडी शब्द, सगळं होतं. पुढे वाक्य होतं: ‘मी बहिणीला फसवून सही घेतली आहे, करिता तो कागद खरा धरू नये.’ शेजारी दुसऱ्या कामाला आलेले दोन-चार लोक मान वळवून बघत होते. निकाल चार ओळींचा आला. हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे, अभिहस्तांतरण नोंदणीकृत आहे, तोंडी वचनाला नोंद नाही, हरकत फेटाळली. निकालात मला चूक काढता येत नाही.

त्यानंतर ते कंपाउंडमध्ये आले नाहीत. केळींना कोणी पाणी घातलं नाही. भाद्रपदात, घरीच, झोपेत गेले. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. मुलगा पुण्याहून आलेला होता, आत फोनवर वाडीच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. ओटीवर निर्मळची बहीण बसली होती, सत्तरीची, रापलेली, हातांना फुलांच्या दोऱ्याचे चरे. त्यांच्या घरची बोली मला नीट समजत नाही; माझ्याशी ती साध्या मराठीत बोलली.

“तुम्ही सेक्रेटरी ना?”

“हो.”

“तुमच्या नावाने फार बोलायचा. ‘राजेळी हुशार आहे, पण भित्रा आहे’ म्हणायचा.”

मी म्हटलं, “तुमच्या गुंठ्यासाठी त्यांनी शेवटपर्यंत...”

“माझा गुंठा?” ती एकदम म्हणाली. “माझा होता तेव्हा त्याने विकला. तुमचा झाला तेव्हा मला द्यायला निघाला. दुसऱ्याचं द्यायला काय जातं हो? पंचवीस वर्षं दर भाऊबीजेला सांगायचा, आणतो तुझा गुंठा. मी म्हणायची, दादा, माफी माग आणि सोड. ती नाही मागितली कधी.”

“ऑफिसात मागितली. लिहून. मी होतो तिथे.”

“साहेबाकडे?” ती हसली. “मला कोणी बोलावलं नाही.”

तिला नोटीस काढायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. कागदोपत्री तिचा संबंध नव्हता.

“तुम्हाला काही देता येईल का ते मी सभेत मांडतो,” मी म्हटलं.

“मांडा,” ती म्हणाली. “मांडायला काय जातं?”

मी मांडलं. विहिरीच्या गुंठ्यापोटी बहिणीला काही रक्कम द्यावी. अध्यक्षांनी विचारलं, “कुठल्या हेडखाली? ऑडिटर विचारेल ना.” मी हिशोबाचा माणूस, पण मला हेड सापडलं नाही. मतदान घेतलं. तिघे गैरहजर, अकरा विरुद्ध, दोन बाजूने: एक मी, एक दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. माझ्या खिशातून द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी दिले नाहीत. तेव्हा मुलीच्या कॉलेजची फी होती, असं मी घरी म्हटलं.

बिल्डरबरोबरच्या करारात प्लॉट मोकळा आणि सपाट करून द्यायची अट सोसायटीवर आहे. त्याप्रमाणे केळीचे खुंट काढले आणि विहीर बुजवली. भरणीचे बारा ट्रक लागले, प्रत्येकी तीन हजार दोनशे, एकूण अडतीस हजार चारशे रुपये. भरणीच्या ठेकेदाराला चेकने दिले. चेकवर सह्या अध्यक्षांची आणि माझी. बहिणीला काही दिलं नाही.